प्लेट पास झाली, पण कुठल्या मातीवर?

पावसाळ्यात रावेर तालुक्यात केळीच्या बागेपर्यंत ट्रक नेणं म्हणजे जुगारच. काळी माती भिजली की चाक रुततं. मग ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, दगड टाका. तिकडे कापलेली केळी थोडीच थांबणार! अशा वेळी चिखलावर पोलादी किंवा अॅल्युमिनियमच्या प्लेटा अंथरून तात्पुरता रस्ता करता येतो. पण त्या भरलेला ट्रक पेलतील, हे ठरवायचं कसं?

आधी हिशोब बघा. नियमानुसार दोन एक्सलच्या ट्रकचं मालासकट वजन जास्तीत जास्त १८.५ टन. त्यातले ११.५ टन मागच्या चार टायरवर. म्हणजे एका टायरवर जवळपास तीन टन, तेही वहीच्या पानाएवढ्या जागेवर! हा भार पसरवणं, एवढंच प्लेटचं काम.

लोड टेस्टमध्ये प्लेटवर मोजलेलं वजन ठेवतात आणि ती किती वाकली, हे डायल गेजवर वाचतात. वाकली म्हणजे नापास झाली असं नाही. वजन काढल्यावर परत सरळ झाली का, हा खरा पेपर. बाक कायम राहिला, तर धातूची सहनशक्ती संपली. चाक कडेवर आलं की दुसरी बाजू उचलली जाते, म्हणून कडा आणि सांधेही तपासायचे. शेवटी भरलेला ट्रक पुन्हा पुन्हा फिरवायचा, ब्रेकही मारून बघायचा.

ही कल्पना जुनी आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत मार्स्टन गावाजवळ भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या जोडून विमानांसाठी धावपट्टी करून बघितली. म्हणून तिचं नाव 'मार्स्टन मॅट'. आपल्याकडे पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची प्रयोगशाळा लष्करासाठी झटपट टाकायचे पूल तयार करते. तिथला १० मीटरचा पूल २ जुलै २०२१ रोजी लष्करात दाखल झाला. रुंदी ४ मीटर, क्षमता ७० टन!

पण पुलाला दोन टोकांना आधार असतो, प्लेटला मात्र खालच्या मातीचाच. सिव्हिलवाल्यांना सीबीआर टेस्ट आठवत असेल. चार दिवस भिजवलेल्या मातीत ५० मिमी जाडीचा दांडा हळूहळू दाबायचा. चांगल्या खडीला १०० मार्क धरले, तर भिजलेल्या काळ्या मातीला अनेकदा जेमतेम २ ते ४ मिळतात. म्हणजे काँक्रीटच्या फरशीवर पहिली आलेली प्लेट आपल्या शेतात आपटू शकते.

तेव्हा उद्या कोणी अशा प्लेटा भाड्याने देऊ केल्या, तर 'किती टनांची?' एवढंच विचारू नका. 'कुठल्या मातीवर तपासली?' हेही विचारा.