मोरया गोसावींचे चिंचवड

पिंपरी-चिंचवड म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात, आणि त्यात त्याची चूक नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, मागोमाग टेल्को, बजाज आणि असंख्य लहानमोठी वर्कशॉप्स आली. ४ मार्च १९७० रोजी येथे नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली, आणि पुढे ही कारखान्यांची रांग थेट चाकणपर्यंत जाऊन भिडली. पण या जोडनावातले 'चिंचवड' या सगळ्याहून कितीतरी जुने आहे. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे, म्हणून ते महाराष्ट्राला माहीत होते. त्या गावाचा इतिहास कुठवर हाताला लागतो हे पाहावे, म्हणून सुट्टीतला एक दिवस मी तेथे घालवला.

मोठ्या रस्त्यावरून चापेकर चौकात उतरून गावाकडे वळले की वस्तीचा तोंडवळा बदलतो. रस्ते अरुंद होतात, नवीन इमारतींच्या अधूनमधून एखादा जुना वाडा डोकावतो, दूर्वा-जास्वंदीच्या टोपल्या दिसू लागतात. शेवटी उतार संपतो तेथे नदी, घाट आणि समाधिमंदिर. मंदिर ठेंगणे, दगडी आणि साधे आहे. आत गेल्यावर बाहेरच्या वाहनांचा आवाज एकदम मागे पडतो.

मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायातले थोर सत्पुरुष. मोरगावचा मयूरेश्वर हे त्यांचे आराध्य दैवत. चिंचवडला राहू लागल्यावरही त्यांनी मोरगावची वारी सोडली नाही. वार्धक्यात ती झेपेना, तेव्हा कऱ्हा नदीत स्नान करताना गणपतीची मूर्ती त्यांच्या ओंजळीत आली, अशी कथा आहे. तीच चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यातली मूर्ती मानतात. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी आजही सुमारे ८० किलोमीटरवरच्या मोरगावला जाते. आपण गणेशोत्सवात ज्या 'मोरया'चा गजर करतो, त्याचा संबंधही लोक याच नावाशी जोडतात.

आता प्रश्न येतो काळाचा. परंपरेप्रमाणे मोरया गोसावींनी शके १४८३, म्हणजे इ. स. १५६१ मध्ये, मार्गशीर्ष वद्य षष्ठीला संजीवन समाधी घेतली. त्याच तिथीला येथे दरवर्षी उत्सव होतो. काही अभ्यासक मात्र त्यांना सतराव्या शतकात आणतात. मंदिरावर मराठी शिलालेख आहे. त्याप्रमाणे बांधकाम १६५८ मध्ये सुरू होऊन १६५९ मध्ये पुरे झाले. पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, शाइस्ताखानाने जवळच्या चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला होता, हे आठवले म्हणजे या दगडांचे वय नीट ध्यानात येते. पण शिलालेख वास्तूचा काळ सांगतो, समाधिस्थ पुरुषाचा सांगत नाही. आणखी एक दुवा आहे. मोरयांचे पुत्र चिंतामणी महाराज यांना तुकोबांनी 'देव' म्हटले, आणि तेव्हापासून घराण्याचे आडनाव देव पडले, अशी आख्यायिका आहे. तुकोबांचा जन्म सामान्यतः १६०८ सालचा मानतात. म्हणजे १५६१ साली चिंतामणी तान्हे होते असे धरले, तरी तरुण तुकोबांच्या भेटीच्या वेळी त्यांनी सत्तरी गाठलेली असणार. हे अशक्य नाही, पण ओढाताण होते खरी. श्रद्धेची तिथी आणि इतिहासाचे साल अशी दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. एकासाठी दुसरे पुसण्याची गरज मला वाटली नाही.

मोरयांच्या घराण्यात गणपतीचा अंश सात पिढ्या अवतरला, अशी भाविकांची समजूत होती. त्यामुळे चिंचवडचे 'देव' हे केवळ आडनाव राहिले नाही. गादीवरच्या पुरुषाला लोक साक्षात देव मानीत. या 'वंशपरंपरागत जिवंत देवा'विषयी एडवर्ड मूर या इंग्रज कॅप्टनाने लेख लिहिला. तो कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात आला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही प्रवासी बाई येथे येऊन गेली. तिला गादीवर दिसला तो एक मुलगा. गोसावी म्हणजे सर्व सोडलेला माणूस. त्याच्या मागे इनामे आली, वाडा आला, गादी आली, आणि अखेर एका लहान मुलाला देवपणाचे ओझे वाहावे लागले! त्यागाचा असा वारसा होऊ शकतो का, हा प्रश्न त्या वाड्यासमोर उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.

याच गावात वारशाचे एक अगदी वेगळे रूपही पाहायला मिळते. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडचेच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत तिन्ही भाऊ फासावर गेले. त्यांचा वाडा आता स्मारक म्हणून जपला आहे. एकाच गावात एका वाड्यातून भक्तीची पालखी निघते आणि दुसऱ्या वाड्यातून तीन सख्खे भाऊ देशासाठी जातात. हे इतक्या जवळून पाहिले म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींना वजन येते.

संध्याकाळी घाटावर एक आजोबा बसले होते. मी वहीत काही टिपते आहे हे पाहून म्हणाले, "देवळाचं लिहितेस, पोरी, तर नदीचंही लिही. आम्ही इथंच पोहायला शिकलो." त्यांचे म्हणणे मला पटले. पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून शुद्ध करतात आणि ते शहराला पुरवतात. त्याच्या खाली मात्र शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण नदीला मिळते, आणि समाधीजवळून जाते ती हीच नदी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की ती मंदिरातही शिरते. शहर नदीकडून घेते चांगले आणि तिला परत देते वाईट, हा हिशेब कोणत्याही भक्ताला मान्य होऊ नये.

आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे आईवडील पोटासाठी या औद्योगिक पट्ट्यात आले. आमचे गाव दुसरीकडे असे आम्ही म्हणतो. पण आमचा जन्म आणि शिक्षण येथले, आणि आम्ही पाणी पितो तेही पवनेचेच. मग मोरया गोसावींचे चिंचवड हे केवळ मूळ गावकऱ्यांचे कसे? मंदिराची काळजी देवस्थान घेईल, वाड्याची स्मारकसमिती घेईल. नदीला मात्र कोणी पुजारी नाही. तिची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.