वेबसाइटचे मोबाईल ॲप : सभासदाच्या हाती काय पडणार?



मागच्या गट मीटिंगमध्ये एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले, "साहेब, कारखान्याची वेबसाइट आहे म्हणता. मग आता हे ॲप कशाला? खर्च शेवटी आमच्याच उसातनं जाणार ना?" प्रश्न रास्त होता. मीटिंग पाण्याच्या पाळीवर घसरली आणि उत्तर राहून गेले. ते आज या अंकातून देतो.

आधी आमच्याच खात्याची एक चूक कबूल करतो. गेल्या हंगामात एका सभासदाचा जुलैचा आडसाली ऊस होता. नोंद घेताना शेतकी मदतनीसाच्या हातून महिना चुकला आणि जुलैच्या जागी ऑक्टोबर पडला. कॉम्प्युटरने तो प्लॉट पूर्वहंगामीत धरला व तोडणी प्रोग्रॅममध्ये मागे टाकला. टोळी पोचली तेव्हा तुरा येऊन ऊस पोकळ पडला होता. वजन घटले ते घटलेच. चूक आमची, नुकसान मात्र त्यांचे.

आता गंमत अशी, की ती चुकीची नोंद वर्षभर आपल्या वेबसाइटवर दिसत होती. सभासदाने एकदा जरी पाहिली असती तरी दुरुस्ती पाच मिनिटांचे काम होते. मग का पाहिली नाही? मी त्यांच्या वस्तीवर जाऊन त्यांच्याच मोबाईलवर वेबसाइट उघडून पाहिली. दर खेपेला सभासद कोड आणि पासवर्ड टाकायचा. तक्ता ऑफिसच्या मोठ्या पडद्यासाठी केलेला, त्यामुळे लागण तारखेचा रकाना मोबाईलच्या बाहेर गेलेला. आणि मळ्यात रेंज नाही. म्हणजे माहिती होती, पण सभासदाच्या हातात नव्हती. ॲपची गरज आहे ती इथे.

फरक काय?

वेबसाइट ही गट ऑफिसच्या फळ्यासारखी असते. फळा पाहायला दर वेळी तिथवर जावे लागते, तसेच वेबसाइट उघडताना मोबाईल दर वेळी कारखान्याच्या कॉम्प्युटरकडून माहिती मागवतो. रेंज नसेल तर बहुतेक वेळा पान कोरे. ॲप हे खिशातल्या डायरीसारखे. त्याचा सांगाडा मोबाईलमध्येच असतो, शेवटची आलेली माहिती तो जपून ठेवू शकतो आणि नवे काही आले की सूचना देऊ शकतो. 'शकतो' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तशी सोय करून घेतली तरच ती होते.

वेबसाइटचे ॲप करण्याच्या तीन वाटा

१) खोळ घालणे : आहे तीच वेबसाइट ॲपच्या खोळीत घालायची. काम थोड्या दिवसांत आणि कमी खर्चात होते. पण आत जुनेच पान असल्याने बाहेर गेलेला रकाना बाहेरच राहतो आणि रेंज गेली की पान कोरेच. शिवाय नुसती खोळ घातलेली ॲप्स ॲपल कंपनी आपल्या ॲप स्टोअरमध्ये सहसा घेत नाही. खोडव्याला ना बगला फोडल्या, ना खत दिले, आणि उतारा लागणीचा मागितला, तसा हा प्रकार.

२) वेबसाइटच ॲपसारखी करणे : याला 'प्रोग्रेसिव्ह वेब ॲप' म्हणतात. हे नाव २०१५ साली पुढे आले. वेबसाइट मोबाईलच्या पडद्याला बसेल अशी नव्याने मांडायची आणि रेंज नसतानाही शेवटची माहिती दिसेल अशी सोय तिच्यात करायची. सभासद ती मोबाईलच्या पहिल्या पडद्यावर चिन्ह म्हणून ठेवू शकतो. अँड्रॉइडवर ती सूचनाही देते. आयफोनवर ही सोय २०२३ पासून, पडद्यावर ठेवलेल्या वेबसाइटपुरती, मिळू लागली. कारखान्याने बदल केला की पुढच्या वेळी उघडताना सभासदाला नवे पान मिळते, त्यासाठी त्याला वेगळे काही करावे लागत नाही.

३) मुळापासून नवे ॲप : ही पूर्वमशागत करून केलेली नवी लागण. पूर्वी अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी दुसरे असे दोनदा काम करावे लागे. आता फ्लटरसारख्या साधनांनी एकदाच लिहून दोन्हीकडे चालवता येते. बांधाने फिरून क्षेत्र मोजणे, रेंज नसलेल्या शिवारात दिवसभर नोंदी घेऊन संध्याकाळी एकदम पाठवणे, ही कामे याच्यात उत्तम होतात. पण खर्च जास्त, आणि देखभालीला कायमचा माणूस लागतो.

स्टोअरमध्ये नाव घालण्याची फी हा मोठा खर्च नव्हे. गुगलकडे एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. खरा खर्च करून घेण्याचा आणि पुढे सांभाळण्याचा.

माझे मत असे, की सभासदांसाठी दुसरी वाट धरावी आणि आमच्या शेतकी मदतनिसांसाठी तिसरी. संचालक मंडळापुढे तसा प्रस्ताव ठेवला आहे.

वाट कोणतीही असो, तीन गोष्टी पाळाव्याच लागतील

पहिली, रजिस्टर एकच. वेबसाइटची माहिती वेगळी आणि ॲपची वेगळी असे झाले, की दोन तारखा दिसू लागतात आणि भांडण उभे राहते. वजनकाटा, ऊस नोंद आणि बिल यांचा मूळ साठा एक, आणि वेबसाइट व ॲप या त्याच्या दोन खिडक्या, असेच काम झाले पाहिजे.

दुसरी, पानावर 'ही माहिती अमुक तारखेची, अमुक वेळेची' असे ठळक लिहिलेले असावे. नाहीतर रेंज नसताना सभासद कालचा प्रोग्रॅम आजचा समजून टोळीची वाट पाहत बसेल.

तिसरी, जुना दरवाजा बंद करू नये. कपडे विकणाऱ्या मिंत्रा कंपनीने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲपवर विक्री ठेवली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, तिला वेबसाइट पुन्हा उघडावी लागली. जिचे गिऱ्हाईक शहरातले, तिची ही गत. आपल्या कितीतरी सभासदांकडे अजून बटणाचा मोबाईल आहे. म्हणून वजनाची छापील पावती, एसएमएस आणि गट ऑफिसचा फळा चालूच राहिला पाहिजे.

हे काम काही आपणच प्रथम करतो आहोत असे नाही. उत्तर प्रदेशात ऊस विभागाच्या 'ई-गन्ना' ॲपवर आणि वेबसाइटवर शेतकऱ्याला आपले क्षेत्र व तोडीच्या पर्च्या पाहता येतात. आपल्याकडे साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये 'महा-ऊसनोंदणी' ॲप आणले, ते लागणीची माहिती शेतकऱ्याला स्वतः भरता यावी म्हणूनच.

सभासदांनी काय करावे?

१) गट ऑफिसात आपला चालू मोबाईल नंबर तपासून घ्यावा. बऱ्याच खात्यांवर मुलाचा किंवा बंद पडलेला नंबर आहे.

२) ॲप आल्यावर आधी बिल नव्हे, आधी लागण तारीख, जात, क्षेत्र आणि गट नंबर पाहावा. चूक दिसली तर आठ दिवसांत लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

३) वजन दिसू लागले की घरच्या पावतीशी ताडून पाहावे. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ॲपवर तारखा समोर दिसल्या, की हिशेब विचारणेही सोपे जाते. याने आमच्यावर वचक बसेल, आणि तो बसावाच.

४) व्हॉट्सॲपवर कोणी 'कारखान्याचे ॲप' म्हणून फाईल पाठवली तर ती उघडू नये. अशा फायलींतून बँक खाती रिकामी झाल्याचे प्रकार घडतात. ओटीपी कोणालाही सांगू नये, कारखान्याचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

५) घरात शिकलेली मुले-सुना आहेत, त्यांची मदत घ्यावी. पण नोंद मात्र स्वतः वाचून घ्यावी.

ॲपने टनेज वाढणार नाही. ते बेणे, खत आणि पाण्यानेच वाढते. पण पिकवलेला ऊस वेळेवर तुटला का, वजन बरोबर लागले का, हे सभासदाला बांधावर बसून कळेल. ज्या सभासदांचा ऊस आमच्या चुकीने पोकळ पडला, त्यांना मी शब्द दिला आहे, की ॲप सुरू झाल्यावर त्यांची नोंद त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्या वस्तीवर जाऊन दाखवीन. बाकीच्यांनी माझी वाट न पाहता आजच गट ऑफिसात जाऊन आपली नोंद तपासावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी