एमएस-सीआयटीच्या पुढची पायरी

धाराशिव जिल्ह्यातील आपल्या कितीतरी घरांत आज एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते. नोकरीच्या जाहिरातीत ते मागतात म्हणून मुलामुलींनी तो अभ्यासक्रम केला, हे चांगलेच झाले. परंतु अनेक आईवडिलांची अशी समजूत होऊन बसली आहे, की आपल्या पोराचे संगणकाचे शिक्षण इथे पूर्ण झाले. वाचकहो, या समजुतीविषयीच आज आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत.

एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकविते. संगणकाकडून काम करवून घेणारी व्यवस्था उभी करणे, ही विद्या निराळी. तिचे पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः दोन वाटांनी मिळते. एक एमसीए आणि दुसरी माहिती तंत्रज्ञानातील एम.एस्सी. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे आहेत. एमसीए पूर्वी तीन वर्षांचा होता. २०२० पासून तो दोन वर्षांचा झाला. माहितीचा साठा कसा रचायचा, हजारो माणसांनी एकाच वेळी मागणी केली तरी यंत्रणा कोलमडणार नाही अशी बांधणी कशी करायची, माहिती चोरांपासून कशी राखायची, हे सारे तेथे शिकविले जाते.

याचा आपल्या गावाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध रोजचा आहे. सातबारा आता संगणकावरून निघतो. सोयाबीनचा पीकविमा, ई-पीक पाहणी, रेशन, निराधारांचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती, सगळे अर्ज याच मार्गाने जातात. आधारवर नावाचे एक अक्षर चुकले, तर म्हातारीचे पैसे अडकतात. शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडला, की सेवा केंद्रासमोरच्या रांगेत आपलीच माणसे ताटकळतात. ही व्यवस्था जेथे रचली जाते, तेथे अशी रांग स्वतः पाहिलेला कळंब-परंड्याचा मुलगा किंवा उमरगा-लोहाऱ्याची मुलगी बसलेली असेल, तर म्हातारीची अडचण त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. सरकारी निरोप आणि टपाल पायी गावोगाव पोहोचविणे, हे त्या वतनाच्या कामांपैकी एक काम होते. निरोप आपल्या पूर्वजांनी वाहिला. त्यात काय लिहावे आणि तो कुणाकडे जावा, हे ठरविणारे दुसरेच होते. आज माहितीची वाहतूक तारांतून होते. त्या वाहतुकीचे नियम लिहिणाऱ्यांत आपली मुले असावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बाबासाहेब बी.ए. होऊन थांबले असते, तरी त्या काळी ती मोठीच गोष्ट ठरली असती. पण बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि पुढे १९२१ मध्ये लंडनची एम.एस्सी. मिळविली. पहिल्या पदवीवर समाधान मानू नये, हा धडा आपल्यासमोर आहेच.

आता प्रत्यक्ष तयारीचे पाहू. पहिली गोष्ट गणित. 'गणित अवघड जाते, सोडून दे' असा सल्ला अकरावीच्या मुलींना तर फारच सहज दिला जातो. बारावीला किंवा पदवीला गणित असलेल्यांचा एमसीएचा मार्ग सोपा होतो. या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. तीत गणित व संख्याशास्त्र, तर्कबुद्धी, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वे यांवर प्रश्न असतात. म्हणजे या पदवीची तयारी खरे तर अकरावीतच सुरू होते.

दुसरी गोष्ट कागदपत्रे. राखीव जागेवर एमसीएला प्रवेश घ्यायचा, तर जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि अनुसूचित जातींना त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कारभार उर्दूत चाले. आजोबा शाळेत गेले असतील, तर शाळेतील नोंद शोधावी; गेले नसतील, तर जमिनीचे किंवा जन्ममृत्यूचे जुने उतारे पाहावेत. उर्दू कागद हाती आला, तर जाणकाराकडून त्याचे भाषांतर करून घ्यावे. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. घरात एकाला वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत भावंडांसाठी जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट पैसा. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली; त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मात्र रक्कम खात्यात जमा होईपर्यंतचे महिने घरालाच काढावे लागतात. तेव्हा बचत गटाचा, नातलगांचा आधार आधीच बोलून ठेवावा. परदेशात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे.

शिकायला फार दूर जावे लागते असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ पासून धाराशिवमध्येच आहे, तर छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य परिसरात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. सोलापूरला विद्यापीठ आहे, लातूरला महाविद्यालये आहेत. कोणता अभ्यासक्रम कोठे चालू आहे, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा एमसीए आहे.

मातांना आमची खास विनंती आहे. मुलगी पदवीधर झाली, की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. त्या चर्चेआधी तिला एवढेच विचारा, 'बाई, तुला पुढे शिकायचे आहे का?' ती हो म्हणाली, तर दोन वर्षे थांबा. लग्न झालेल्या सुनेलाही हाच प्रश्न विचारता येतो.

आणि विद्यार्थ्यांनो, पदवी केवळ कागद म्हणून घेऊ नका. शेवटच्या सत्रातील प्रकल्प बाजारातून तयार आणण्याचा मोह टाळा. टँकरच्या फेऱ्यांची नोंद असो की जुन्या उर्दू उताऱ्यांची सूची, विषय आपल्या जिल्ह्यातच पडलेले आहेत. मुलाखतीत तोच प्रकल्प विचारला जातो, आणि स्वतः केलेल्या कामाविषयी बोलताना गावाकडच्या मुलाचीही जीभ अडखळत नाही.