कोयत्याचे पाणी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक सुखद भ्रम असतो : शब्दांचे अर्थ आपल्याला ठाऊक आहेत! ‘पाणीदार’ हा शब्द मी वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो. पण त्यातले खरे पाणी मला दाखवले, ते देवगडकडच्या आमच्या गावातल्या एका वृद्ध लोहाराने. तेही माझी पुरती फजिती झाल्यावर.

कोकणातला माणूस रानात निघाला, की त्याच्या कमरेला मागे लाकडी आकडी आणि आकडीत कोयता असायचाच. कवळ तोडा, कुंपणाची काठी तासा, शहाळे छिला, हत्यार एकच. वडिलांचा असा कोयता त्यांच्या पश्चात माझ्याकडे शहरात आला. काळा, ओबडधोबड, अंगावर घणाचे ठसे. दिवाणखान्यात टांगायचा म्हणून मी तो एका दुकानात विजेच्या चाकावर घासून आणला. आरशासारखा चकाकला! धारेलगत निळी झाक उमटली होती. मला ती मोरपिसासारखी वाटली.

सुट्टीत गावी तो कोयता फांदीवर घातला मात्र, धार कागदासारखी दुमडली. तसाच लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी निळ्या पट्ट्यावर अंगठा फिरवला.

“मास्तरानू, ह्येचा पाणी उतरला मां!”

मग त्यांनी भट्टी पेटवली. कोयता बहुधा मोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून घडवतात. त्या पोलादात शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक कार्बन असतो, म्हणून ते ‘पाणी’ धरते. साधे मऊ लोखंड कितीही बुडवा, मऊच राहते. काकांनी भाता चालवून कोयता लालबुंद केला आणि फक्त धारेची बाजू पाण्यात धरली. चर्रर्र! धार कडक झाली. पण अशी धार काचेसारखी ठिसूळ. पाठ मात्र अजून तापलेली. काकांनी चटकन धार दगडाने घासून उजळली आणि मला म्हणाले, “आता बघा.”

पाठीची ऊब हळूहळू धारेकडे सरकू लागली. पांढऱ्या धारेवर आधी गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग आला, मग तो गडद होऊ लागला. त्याच क्षणी त्यांनी सारा कोयता पाण्यात बुडवला. हा पिवळा रंग साधारण सव्वादोनशे अंशांवर येतो; तीनशेच्या सुमारास धार निळी पडते, म्हणजे तिचा कडकपणा आणखी उतरतो. दुकानातल्या चाकाच्या घर्षणाने नेमके तेच झाले होते. ज्याला मी मोरपीस म्हणत होतो, ती धार जळाल्याची खूण होती!

पुढचे काम सावकाशीचे. कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडत धार लावली. हाताला चटका बसेल एवढीही ती तापू दिली नाही. शेवटी खोबरेलाचा हात. पाठ पुन्हा काळी, कडेला तेवढी चांदीची रेघ. परत त्याच फांदीवर घाव घातला, तर फांदी एका दमात खाली आली.

यंदा वर्गात ‘पाणीदार’ शब्द आला, तेव्हा कोशाऐवजी हा कोयताच न्यावा असे मनात होते. सौभाग्यवतींनी हात धरला. म्हणाल्या, “प्राचार्य काय म्हणतील?”

कोयता आता दिवाणखान्यात नाही. तो गावीच आहे, आकडीत.