प्लॅनर घ्यायचा की वही? आधी आपले तास मोजा

दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर पुस्तकांसोबत नव्या वर्षाच्या दिनदर्शिका आणि डायऱ्याही हातोहात जातात. बाबासाहेबांचा फोटो असलेली डायरी घरी आली की येणारं वर्ष नीट जाईल असं वाटतं. अलीकडे कॉलेजची मुलं त्याच्याही पुढे गेली आहेत. ती ऑनलाइन 'प्लॅनर' मागवतात. जाड पुठ्ठा, रंगीत पानं, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचे रकाने, वर्षाची ध्येयं लिहायला वेगळं पान. किंमत पाचशेपासून हजार-बाराशेपर्यंत.

खारदांड्यात आम्ही काही जण संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवतो. कोळीवाड्यातली मुलं येतात, आसपासच्या वस्तीतली आपलीही येतात. शेवटच्या वर्षाला असलेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी मागच्या वर्षी असाच प्लॅनर घेऊन आली होती. मार्चमध्ये मी तो सहज मागितला, तर तिने टाळाटाळ केली. १९ जानेवारीपर्यंत पानं भरलेली, पुढे कोरी. "ताई, मलाच शिस्त नाही," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. ती घरचं पाणी भरते, आई मासळी विकायला गेली की धाकट्या भावाचं बघते, कॉलेजला जाते आणि तरी वर्गाला येते. शिस्त नसलेली मुलगी एवढं करू शकत नाही. दोष प्लॅनरच्या रकान्यात होता. सकाळी सहा ते आठ अभ्यास, असं तिने रोजसाठी लिहून टाकलं होतं. पण तिच्या घरचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरतीवर चालतो. होडी भरतीच्या पाण्यावर आत येते आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. (तिथी म्हटल्यावर आपल्यातल्या काहींच्या भुवया उंचावतील. पण पौर्णिमा आपल्यालाही परकी नाही, आणि समुद्राला तर नाहीच नाही.) म्हणजे आज मोकळी असलेली सकाळ पुढच्या आठवड्यात मासळी निवडण्यात जाणार. छापील रकान्याला हे कसं कळावं?

समाजशास्त्र शिकताना इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांचा १९६७ सालचा एक निबंध वाचला होता. घड्याळाची शिस्त कारखानदारीबरोबर कशी पक्की झाली आणि त्याआधी माणसं हातातल्या कामाप्रमाणे वेळ कसा मोजत, हे त्यात आहे. भरतीशी आयुष्य जुळवून घेणाऱ्या मच्छीमारांचा उल्लेखही आहे. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. अर्थ कळला तो दांड्यात.

बाजारातला प्लॅनर एक गोष्ट गृहीत धरतो: तुमचा दिवस तुमच्या मालकीचा आहे. स्वतःची खोली, स्वतःचं टेबल, ठरलेली नोकरी. आपल्या बहुतेक मुलांचं तसं नाही. वर्गातला एक मुलगा घरपोच डिलिव्हरीचं काम करतो. उद्या कधी सुटणार, हे त्याला आज माहीत नसतं.

त्यात आपल्याकडे १८ तासांचं दडपण आहे. १४ एप्रिलच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एक दिवसाची मानवंदना म्हणून तो चांगलाच आहे, मीही त्यात बसले आहे. पण तेच रोजचं माप धरलं, तर तीन तास मिळवणारी मुलगी स्वतःला कमी समजू लागते. बाबासाहेबांकडून घ्यायची दुसरी एक गोष्ट आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परत यावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. १९१८ पासून मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, मदत आणि कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. ठरवलेलं काम परिस्थितीने अडलं तेव्हा त्यांनी ते पुढच्या तारखेवर नेलं.

वही निवडताना मी हेच बघते: अडलेलं काम पुढे न्यायला तिच्यात जागा आहे का? तारखा छापलेल्या रोजनिशीत ती नसते. आठ दिवस आजारपणात गेले की आठ कोरी पानं कायमची तुमच्याकडे बघत राहतात. शिवाय आपलं वर्ष जानेवारीत सुरूही होत नाही. शाळा-कॉलेजचं जूनमध्ये, मासेमारीचं पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये, आणि परीक्षांच्या तारखा तर पुढे-मागे होतच असतात. म्हणून तारीख नसलेली वही घ्यावी आणि एका दिवसाऐवजी आठवड्याला एक पान द्यावं. मंगळवारचं बुडालं तर शुक्रवारी भरून निघतं.

न्यूयॉर्कमध्ये राहणारे डिझायनर रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये 'बुलेट जर्नल' ही पद्धत लोकांसमोर ठेवली. तिच्या नावाने आज महागड्या वह्या विकल्या जातात, पण मूळ पद्धतीला कोणतीही कोरी वही चालते. तिच्यातला कामाचा भाग एवढाच, की महिना संपला की राहिलेली कामं हाताने पुढच्या पानावर उतरवायची. हाताला कंटाळा येतो आणि तोच उपयोगी पडतो. एखादं काम तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली, की ते खरंच करायचं आहे का, हे आपोआप विचारलं जातं.

काही विकत घेण्याआधी एक आठवडा नुसते तास मोजा. आपल्या हातात खरोखर किती होते? आमच्या मुलीचे निघाले आठवड्याला सतरा. प्लॅनरमध्ये तिने बेचाळीस लिहिले होते. असा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५.

ध्येय लिहितानाही कधी आणि कुठे, ते लिहावं. 'रोज गणित करीन' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'भावाला शाळेत सोडलं की वर्गात जाऊन दहा गणितं' असं लिहिलेलं जास्त वेळा घडतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात हेच मांडलं आहे.

आता वहीच्या आकाराबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे डायरी खाजगी राहत नाही. भाऊ वाचतो, काकू वाचते. त्या मुलीच्या प्लॅनरमध्ये ध्येयाच्या पानावर 'आईला मदत' आणि 'वजन कमी करणे' होतं. 'दोन वर्षं लग्न नाही' हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं, आणि तिचं सगळ्यात मोठं ध्येय तेच होतं. म्हणून मी मुलींना कॉलेजच्या बॅगेत मावेल अशी छोटी वही सुचवते. मन मोकळं करायची वही वेगळी ठेवावी आणि ती घरी नेऊ नये. आमच्या वर्गातल्या कपाटाचा एक खण त्यासाठीच आहे, चावी मुलींकडे असते.

बाकी साधं आहे. समुद्राजवळ राहत असाल तर स्पायरल टाळा, खाऱ्या हवेत तार गंजते आणि पानं तांबडी होतात. शिवलेली वही टिकते. पावसाळ्यात कागद सर्दावतो, त्यावर जेल पेन पसरतं, बॉलपेन बरं. ६ डिसेंबरला फुलं-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचं आवाहन होतं. अशी एखादी साधी वही या कामाला पुरते.

त्या मुलीने या वेळी दोनशे पानी वही घेतली. महिन्याच्या पहिल्या पानावर कॅलेंडर बघून ती तिथ्या उतरवते आणि पाऊणने गुणून आईच्या कामाच्या वेळा आधी भरते. जे उरतं ते तिचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. त्या ६१ दिवसांच्या पानांवर तिने आतापासूनच अर्थशास्त्र लिहून ठेवलं आहे.