वांगे भाजते, मग गर जळत का नाही?

चंपाषष्ठीच्या नैवेद्यासाठी जळगाव-धुळ्याकडे कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यांवर भरिताची वांगी भाजतात. ज्वाळेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसहून अधिक! साल कोळशासारखी होते, पण गर जळत नाही. असे का बरे?

वांग्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते. ते आहे तोवर आत शिरणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. गराचे तापमान १०० अंशांपलीकडे फारसे चढत नाही. म्हणजे साल भाजते, गर मात्र स्वतःच्याच वाफेत शिजतो.

ही वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. म्हणून वांग्याला आधी सुरीने टोचे मारावेत. एकदा मी विसरलो. वांगे फुटले, गरम गर मनगटावर उडाला. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची ही फजिती घरी दर चंपाषष्ठीला निघतेच!