दोन खुर्च्यांचं जेरुसलेम

टेबलभर नकाशा पसरलेला, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. घरांमधून धावणारे तट, बुरूज आणि एका अंगाला ज्यूंचं मंदिर. साल इ.स. ७०. एका खुर्चीत रोमन सेनापती टायटस, समोर बंडखोर ज्यू. ‘सीज ऑफ जेरुसलेम’ हा युद्धखेळ १९७६ साली अमेरिकेत आला आणि १९८९ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने तो नव्याने काढला.

आधी त्या षटकोनाकडेच बघा. बुद्धिबळाच्या पटावर तिरका सरकणारा उंट दर घराला हत्तीपेक्षा जवळपास दीडपट अंतर कापतो. तिथे ते खपतं. पलटणीची कूच मोजायची तर ती शुद्ध फसवणूक. षटकोनाचे सहाही शेजारी मात्र अगदी सारख्या अंतरावर! एवढ्याशा युक्तीने कागदाला मैदानाचं माप मिळतं. मग सोंगट्यांवर बळाचे आकडे, दोन्ही बाजूंच्या बळाचं गुणोत्तर आणि शेवटी फासा; पडलेलं दान कोष्टकात बघून निकाल लावायचा.

फासा म्हणजे पोरखेळ वाटत असेल, तर सेस्टियस गॅलसला आठवा. सीरियाचा हा रोमन सुभेदार इ.स. ६६ मध्ये जेरुसलेमच्या तटाशी पोचला आणि कुणालाही पटेल असं कारण न देता मागे फिरला. बेथ होरोनच्या खिंडीत बंडखोरांनी त्याला गाठलं. पाच हजारांवर माणसं गेली. असं दान कुठल्या कोष्टकात बसवणार?

हे सगळं आपल्याला कळतं ते इतिहासकार जोसेफसमुळे. हा ज्यूंचाच सेनानी; पकडला गेला आणि नंतर जेरुसलेमचा वेढा त्याने रोमन छावणीत बसून पाहिला. त्याचा शब्द गाळूनच घ्यावा, पण तपशील काय देतो! रोमन यंत्रं पंचवीस-तीस किलोंचे धोंडे फेकत. दगड पांढरे, त्यामुळे येताना लांबूनच दिसत. तटावरचे पहारेकरी ओरडत, मुलगा येतोय! हिब्रूत दगड ‘एव्हेन’ आणि मुलगा ‘बेन’. मरणाच्या दारातला तो शब्दखेळ असावा. लोक आडवे पडत, धोंडा डोक्यावरून जाई. मग रोमनांनी धोंडे काळे रंगवले.

आता त्या दोन खुर्च्या. पटावर ज्यूंच्या सगळ्या सोंगट्या एकाच हाताच्या. प्रत्यक्षात शहरात तीन सेना होत्या: वरच्या वस्तीत सायमन बार गिओरा, मंदिराच्या आवारात गिस्कालाचा जॉन, अगदी आतल्या चौकात एलाझार. बाहेर रोमनांच्या चार पलटणी (लीजन) येऊन ठाकेपर्यंत तिघे एकमेकांच्या उरावर बसले होते. त्या भांडणात शहरातली धान्याची कोठारं जळाली, कित्येक वर्षांच्या वेढ्याला पुरला असता असा दाणा. समोर टायटस असताना आपलीच रसद पेटवील असा खेळाडू मला तरी भेटलेला नाही. इथे खेळ इतिहासापेक्षा शहाणा ठरतो, आणि मला वाटतं, इथेच तो सगळ्यात जास्त खोटा होतो.

तरी लढले ते विलक्षण. जॉनने रोमनांच्या दमदम्यांखाली भुयार खणलं, आतले लाकडी टेकू पेटवले. दमदमे धुरात खाली बसले. चिडलेल्या टायटसने अख्ख्या शहराभोवती सात किलोमीटरची भिंत उभारली. तीन दिवसांत! त्यानंतर खरा हल्ला केला भुकेने. ऑगस्टमध्ये मंदिर जळालं.

ज्यू पंचांगात ही तिथी आव महिन्याची नववी, उपासाची. कोकणातले बेने इस्रायल ज्यू या उपासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. नाव पडलं ते वालाच्या बिरड्यावरून.